जर्मन व्हिलेजमध्ये घर घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात येणारी आपली बहुतेक मराठी कुटुंबे डब्लिन किंवा पॉवेल या उपनगरांकडे घर पाहतात, आणि मुलांच्या शाळा, देऊळ व दोन गाड्यांचे गराज यांचा विचार करता ते योग्यच आहे. तरीही अधूनमधून कोणीतरी डाउनटाउनच्या दक्षिणेला, महामार्गापलीकडे वसलेल्या जर्मन व्हिलेज या जुन्या वस्तीमध्ये फिरायला येते आणि विटांचे रस्ते पाहून तिथेच घर घ्यायचे ठरवते. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सही करण्यापूर्वी मनात पक्की करावी: इथे घर आतून तुमचे असते, बाहेरून मात्र ते साऱ्या वस्तीचे असते. खिडकी, दार, छप्पर, कुंपण यांपैकी काहीही बदलायचे असल्यास आधी जर्मन व्हिलेज कमिशन या शहराच्या मंडळाची मंजुरी लागते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘इथे सगळे असेच करतात’ या ठेकेदाराच्या शब्दावर विसंबून, जुन्या काचेतून समोरचे घर किंचित लहरत दिसे अशा लाकडी खिडक्या काढल्या आणि प्लास्टिकच्या बसवल्या. नोटीस आली ती घरमालकाच्या नावाने. ठेकेदार आपले पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. नव्या खिडक्या उतरवून पुन्हा लाकडी करून घेण्यात त्यांचा खर्च दुपटीच्याही पुढे गेला. ‘आधी करून टाकू, मग बघू’ ही आपली सवय इथे फार महागात पडते. स्वयंपाकघरातील फोडणीचा धूर बाहेर काढण्यासाठी भिंतीला भोक पाडायचे असले, तरी आधी विचारावे.

हा जाच वाटेल, पण त्यामागे कारण आहे. 1950च्या दशकात शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली या जुन्या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला वाचवण्यासाठी 1960मध्ये जर्मन व्हिलेज सोसायटी स्थापन झाली आणि 1974मध्ये वस्तीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. त्यामुळे तुमच्या दारात वाळूची पोती दिसताच शेजारी चौकशीला आला, तर त्याला भोचक समजू नये.

हिवाळ्यात घरासमोरच्या पदपथावरील बर्फ काढणे ही घरमालकाची जबाबदारी असते. झाडांच्या मुळांनी वर उचललेल्या विटांच्या कडांना लोखंडी फावडे अडते आणि मनगटाला हिसका बसतो, म्हणून प्लास्टिकचे घ्यावे. मीठही बेताने टाकावे, कारण त्याने विटेचे पापुद्रे सुटतात. गाडी रस्त्यावर लावत असाल, तर रस्ता झाडण्याच्या दिवसाची पाटी वाचत चला. घरांत शिशाचा रंग वापरण्यावर 1978मध्ये बंदी आली आणि इथली घरे त्याच्या पुष्कळ आधीची असल्याने शिशाच्या रंगाची शक्यता गृहीत धरावी, आणि लहान मूल असेल तर शिशाची तपासणी टाळू नये.

आपले लोक शनिवार-रविवार गाडी काढून उपनगरांतील मराठी घरीच जातात आणि मग ‘इथे ओळखीच होत नाहीत’ अशी तक्रार करतात. उन्हाळ्यात शिलर पार्कमध्ये संध्याकाळी शेक्सपिअरची नाटके विनामूल्य होतात. सतरंजी आणि डबा घेऊन जावे. जूनमध्ये रहिवाशांची घरे व बागा पाहण्यासाठी खुल्या होतात, त्या ‘हाउस उंड गार्टन’ उपक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे. लाकडी खिडकी नीट दुरुस्त करणारा सुतार कोण, हे तिथे भेटणाऱ्या जुन्या रहिवाशांइतके खात्रीने दुसरे कोणी सांगणार नाही.