हात बसेपर्यंत: अवघड रेट्रो प्लॅटफॉर्मर गेम कसे खेळायचे

परवा मावसभावाचा फोन आला, म्हणाला दादा निन्जा गाइडेन हा जुना गेम लावलाय, तीन दिवस झाले, एक पक्षी आहे तो दरवेळी मला खड्ड्यात पाडतो, सोडून देऊ का. मी म्हटलं अजिबात सोडू नकोस, सगळं नीट लिहूनच पाठवतो. तर हे त्याच्यासाठी, आणि ज्यांना हे जुन्या धाटणीचे, पिक्सेलवाले, उड्या मारत लढायचे गेम मनापासून आवडतात पण दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला गाडी अडते त्या सगळ्यांसाठी.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की असे गेम फक्त फास्ट हातवाल्यांसाठी असतात. तसं नाहीये. शत्रू बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच येतात, गोळ्या ठरलेल्या चालीने येतात, खड्डा तर जागचा हलतच नाही, म्हणजे दरवेळी तोच पेपर आणि तेच प्रश्न. तबला शिकणारा एकच कायदा महिनाभर घासतो आणि मग एक दिवस सर म्हणतात हात बसला, ते जे हात बसणं आहे ना तेच इथे होतं. पहिल्या दिवशी अशक्य वाटलेली स्क्रीन आठव्या दिवशी आपण गप्पा मारत पार करतो, आणि कॅरेक्टर तोच, त्याची ताकद तेवढीच, बदललेलो असतो फक्त आपण. मला या गेम्सचं वेड आहे ते ह्याच्यामुळे. आजकालच्या बऱ्याच गेममध्ये कॅरेक्टरची लेव्हल वाढते, इथे खेळणाऱ्याची वाढते.

मग इतके अवघड बनवलेच का? एक तर जागा नव्हती. १९८५ चा पहिला सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण ४० केबीचा आहे, व्हॉट्सॲपवर आलेला साधा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. तेवढ्यात किती लेव्हल बसणार! ज्याला कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम येतो तो अर्ध्या तासात संपवतो, मग पैसे टाकून कॅसेट घेतलेल्या पोराला ती महिनाभर पुरावी कशी, तर अवघड करून. दुसरं म्हणजे हे सगळं खानदान आर्केडचं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनचं, तिथे तुम्ही मेलात की पुढचं नाणं पडायचं. १९८५ च्या कॅपकॉमच्या घोस्ट्स अँड गॉब्लिन्समध्ये पहिल्या फटक्याला चिलखत जातं, दुसऱ्याला जीव जातो, आणि एवढं करून शेवटपर्यंत पोचलात तर गेम सांगतो की परत पहिल्यापासून खेळा तरच खरा शेवट दिसेल. ही अवघडपणाची हद्द मला आजही पटत नाही.

आता कामाचं. आधी सामान तपासा, कारण अर्धा वैताग तिथेच असतो आणि लोक स्वतःला दोष देत बसतात. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतात, एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद, टीव्हीने पाच-सहा फ्रेम खाल्ल्या तर तुमची उडी बरोबर असूनही खड्ड्यात जाणार. जुन्या डब्बा टीव्हीवर ही भानगडच नव्हती, म्हणून लहानपणी जमायचं ते आता का जमत नाही असं वाटत असेल तर वयाला नाव ठेवायच्या आधी टीव्हीचं सेटिंग बघा. कंट्रोलर शक्यतो वायरवाला घ्या, आणि काठीने नाही तर फुलीच्या बटणाने खेळा, डावं-उजवं तिथे साफ कळतं. स्वस्त कीबोर्डवर तीन कीज एकदम दाबल्या तर कधी कधी तिसरी लागतच नाही, तेव्हा उडी, धावणं आणि गोळी कुठल्या कीजवर ठेवायची ते आधी दाबून बघा. मोबाईलच्या काचेवर हे गेम शिकू नका, बोटाला बटण कळत नाही, पुढे बोलण्यासारखं काही नाही.

मग पहिला अर्धा तास पुढे जायचंच नाही. फक्त उडी. खरंच सांगतो, हे कोणी करत नाही आणि म्हणून अडकतात. पहिल्या स्क्रीनवर उभं राहून बघा की बटण नुसतं टेकवलं तर किती उंच जातो, दाबून धरलं तर किती, हवेत असताना मागे वळता येतं का, धावत मारलेली उडी किती लांब पडते. प्रत्येक गेमची उडी वेगळी असते. मारिओला वेग पकडायला आणि थांबायला वेळ लागतो, तो घसरतो. मेगा मॅन जागच्या जागी थांबतो, हवेतही हवा तसा वळतो. कॅसलव्हेनियामध्ये एकदा उडी मारली की संपलं, हवेत काही बदलता येत नाही, बाण सुटला तो सुटला, त्यात चाबूकही बटण दाबल्यावर क्षणभर उशिरा सुटतो. म्हणून कॅसलव्हेनिया मारिओसारखा खेळायला गेलात तर मरणारच, तिथे आधी विचार, मग उडी. आणि मारिओमध्ये अंगठ्याच्या टोकाने एक बटण आणि मधल्या भागाने दुसरं असं धरायची सवय करा, धावायचं बटण न सोडता उडी मारता आली पाहिजे.

यानंतर स्क्रीन वाचायची. नवीन जागी आलात की घाई नाही (टायमर असला तरी बहुतेक वेळा दोन सेकंद परवडतात). शत्रू काय करतो ते एकदा मार खाऊन बघा. हो, मुद्दाम मरा. एक लाइफ फक्त बघण्यात घालवली तर पुढच्या दहा वाचतात. आणि मेल्यावर लगेच बटण न दाबता स्वतःला एक वाक्य सांगा, मी का मेलो. ‘गेम घाण आहे’ हे उत्तर नाही, ‘पक्षी हवेत असताना मी उडी मारली’ हे उत्तर आहे. ज्या दिवशी दरवेळी असं वाक्य सापडायला लागतं त्या दिवसापासून प्रगती चालू होते, मी स्वतः हे वहीत लिहायचो, आजही ती वही आहे माझ्याकडे.

आता त्या पक्ष्याबद्दल, कारण निन्जा गाइडेन (जपानात १९८८, टेक्मोचा) हा मला या सगळ्यात सर्वात सुंदर आणि सर्वात अन्यायी गेम वाटतो. त्याची मेख अशी आहे की शत्रू स्क्रीनच्या कडेशी बांधलेले आहेत. एखाद्या शत्रूची जागा कडेवर आली की तो जन्माला येतो, तुम्ही त्याला मारलंत आणि घाबरून दोन पावलं मागे आलात, की ती जागा कडेबाहेर जाऊन परत आत येते आणि तो पुन्हा जिवंत. म्हणजे मागे हटणं हीच चूक. शिवाय फटका बसला की निन्जा मागे फेकला जातो, आणि मागे बहुतेक वेळा खड्डाच असतो, त्यामुळे थोडी ताकद जाण्याऐवजी अख्खा जीव जातो. तर भावा, पक्षी दिसला की उडी नाही. पाय जमिनीवर ठेव, तो झेप घेऊन तलवारीच्या टप्प्यात येईपर्यंत थांब, एकच वार, आणि लगेच पुढे, मागे बघायचंच नाही. जिथे थांबायला जागा नाही तिथे पक्षी कधी येतो ते पाठ कर, म्हणजे तो यायच्या क्षणी तुझा वार आधीच सुटलेला असेल. सहाव्या अंकातला दुसरा टप्पा म्हणजे ६-२ हा जगभर बदनाम आहे, आणि त्याच्या पुढे शेवटच्या बॉसकडे (बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) हरलास की गेम तुला परत ६-१ ला आणून टाकतो, म्हणजे तो ६-२ पुन्हा. कंटिन्यू मात्र कितीही वेळा करता येतं, हे लक्षात ठेव, तिथे गेम उदार आहे.

अशा जागी तुकडे पाडायचे. इम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा आजकालच्या अधिकृत कलेक्शनमध्ये मधेच सेव्ह करायची सोय असते, निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन सेवेत जुने गेम मागे फिरवतासुद्धा येतात. काही लोक याला चीटिंग म्हणतात, मी नाही म्हणत, पण वापरायची पद्धत महत्त्वाची. प्रत्येक उडीनंतर सेव्ह करत शेवटपर्यंत गेलात तर तुम्ही गेम बघितला, खेळला नाही, हात बसलाच नाही. त्यापेक्षा सेव्ह सरावासाठी वापरा. बॉसच्या दारात सेव्ह करा आणि नुसता बॉस पंधरा-वीस वेळा खेळा. मग त्याच्या आधीचा तुकडा आणि बॉस. मग त्याच्याही आधीचा. उलट्या बाजूने जोडत आलं की जसजसे पुढे जाता तसतशी जागा ओळखीची होत जाते, धीर वाढतो. सरळ बाजूने गेलं की उलटं होतं, पहिला भाग शंभर वेळा झालेला असतो आणि बॉससमोर नवखे असता. शेवटी सेव्ह बंद करून अख्खी स्टेज एका दमात करा.

बॉसला पहिल्या दोन फेऱ्यांत मारायला जाऊच नका, नुसतं वाचायला शिका. त्याला तीन-चारच चाली असतात आणि प्रत्येक चालीआधी तो काहीतरी खूण करतो, हात वर करतो, थांबतो, चमकतो. हे सगळ्यात छान शिकायला मिळतं १९८८ च्या मेगा मॅन २ मध्ये, आणि नवीन माणसाला मी कायम तिथूनच सुरुवात करायला सांगतो. आठ बॉस, हवा तो आधी निवडा, हरवला की त्याचं हत्यार तुमचं, आणि ते दुसऱ्या कुठल्यातरी बॉसवर जालीम चालतं. मेटल मॅनला आधी घ्या, त्याची चक्रं आठही दिशांना मारता येतात आणि फार कमी खर्चात. एअर मॅनला हरवलं की हवेत सरळ उडत जाणारी फळी मिळते, ती घेऊन मगच हीट मॅनकडे जा, कारण त्याच्या स्टेजला प्रकट होणाऱ्या आणि गायब होणाऱ्या विटांचा लांबलचक पट्टा आहे, फळीवर उभं राहून तो वरून पार होतो. फळी नको असेल तर विटांकडे डोळे ताणून बघू नका, कान द्या, वीट आली की आवाज येतो, ठेका मोजला की पाय आपोआप पडतात. अमेरिकन आवृत्तीत नॉर्मल आणि डिफिकल्ट असे दोन पर्याय आहेत, डिफिकल्ट म्हणजे मूळ जपानी गेम, आधी नॉर्मल घ्या.

नव्या काळात रेट्रो स्टाइलने बनवलेल्या गेम्सनी या सगळ्यातून शिकून पुष्कळ काही सुधारलं. २०१० च्या सुपर मीट बॉयमध्ये मेल्यावर पुन्हा चालू व्हायला क्षणही लागत नाही, त्यामुळे राग यायला वेळच मिळत नाही, आणि लेव्हल जिंकली की तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी स्क्रीनवर धावताना दिसतात. २०१४ च्या शॉव्हल नाइटमध्ये चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा चालू होतं ती जागा, फोडून पैसे घेता येतात, पण मग तो चेकपॉइंट गेला, म्हणजे अवघड किती करायचं ते तुमच्या हातात. आणि २०१८ चा सेलेस्ट तर माझा जीव की प्राण आहे. तो वरून कठोर दिसतो पण आतून गुपचूप तुमच्या बाजूने असतो, कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण सेकंदाचा दहावा भाग उडी मारता येते, जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी तो ते लक्षात ठेवतो. शिवाय असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग कमी करता येतो, आणि त्यात लाजायचं काही नाही, गवैयासुद्धा तान आधी विलंबितच घोटतो. खिशातून पैसे न घालता चव घ्यायची असेल तर याचं मूळ रूप, चार दिवसांत बनवलेला ३० स्क्रीनचा छोटा सेलेस्ट, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. याउलट काही नवीन गेम जुन्यांचा फक्त त्रास उचलतात, न दिसणारे काटे, वीस मिनिटं मागे टाकणारं गेम ओव्हर, आणि त्याला रेट्रो म्हणतात. मेल्याचं कारण दहा-पंधरा वेळा शोधूनही सापडत नसेल तर तो गेम बिनधास्त सोडा, अवघड आणि वाईट यात फरक आहे.

राग येणार. हाताला घाम, जबडा आवळलेला, तीच उडी सलग आठव्यांदा चुकली, आणि आधी जमत असलेल्या जागाही चुकायला लागल्या, की ती खूण समजा आणि बंद करा. एकदाच अजून, असं म्हणत रात्री दीडपर्यंत बसलेले माझे सगळे तास वाया गेलेत, एकदाही जिंकलो नाही. आणि सकाळी दात घासून सहज लावलं की पहिल्या-दुसऱ्या झटक्यात पार. झोपेत शरीर सराव पक्का करतं, हे शास्त्रही सांगतं. रोज अर्धा-पाऊण तास, रविवारी सहा तासांपेक्षा कितीतरी चांगला.

आणि एकटेच खेळू नका. आमच्यापैकी कितीतरी जणांनी कॉन्ट्रा पाहिला तो सुट्टीत, टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्तातल्या व्हिडिओ गेमवर, ९९९९९९ इन १ लिहिलेल्या कॅसेटवर, एक जण खेळतोय आणि चार जण मागून ओरडतायत. मुळात तीनच लाइफ, एका गोळीत मेला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए, हा कोड सुरुवातीच्या स्क्रीनवर दाबला की तीस मिळतात, सुरुवातीला तीसच घ्या, मग स्वतःहून कमी करत या. स्प्रेड गन, म्हणजे गोळ्या पसरून मारणारी बंदूक, मिळाली की जिवापाड जपा, मेलात की ती गेली. आणि धबधब्याच्या लेव्हलला, जिथे स्क्रीन वर सरकते, तिथे पुढे असलेल्याने उड्या मारत सुटायचं नाही, कारण स्क्रीन वर गेली की खाली राहिलेला जोडीदार तिच्या खालच्या कडेला लागून मरतो. दगडावर थांबा, त्याला हाक मारा, तो शेजारी आला की दोघांनी मिळून पुढची उडी.