आमदाराची कारकीर्द लिहायची तर: खान्देशातल्या नोंदी तपासण्याची रीत

आजी-माजी आमदाराची माहिती गोळा करायला बसलं की हाती पहिल्यांदा येतो तो गौरव अंक. तो बाजूला ठेवा. सुरुवात निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासून करा. वहीत रकाने आखा: वर्ष, मतदारसंघ, पक्ष, मिळालेली मतं, एकूण वैध मतं, निकाल. हरलेल्या निवडणुकाही उतरवा, गौरव अंकात नेमक्या त्याच गळतात. नाव वडिलांच्या नावासकट घ्या. नुसतं 'पाटील' किंवा 'चौधरी' शोधलं तर निम्मा जिल्हा समोर येतो. आणि गावात ज्यांना भाऊ, आबा, अण्णा म्हणतात, त्यांचं मतपत्रिकेवरचं नाव बहुतेकांना आठवत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मतदारसंघाच्या नावात होतो. प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून निवडून आल्या, १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबादमधून. एदलाबादचं पुढे मुक्ताईनगर झालं. जुन्या अहवालात 'मुक्ताईनगर' शोधाल तर चारही विजय हातातून जातील. २००९ ची निवडणूक मतदारसंघांच्या नव्या रचनेवर झाली. तेव्हा यावल, पारोळा, कुसुंबा ही नावं यादीतून गेली आणि जळगावचे शहर व ग्रामीण असे दोन मतदारसंघ झाले. त्यामुळे २००४ आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून 'मताधिक्य घटलं' असं लिहू नका. गावंच बदललेली असतात.

कारकिर्दीत खंड दिसला तर लगेच पराभव समजू नये, आधी आरक्षण पाहावं. शिरपूर आणि चोपडा २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अमरिशभाई पटेल १९९० पासून शिरपूरचे आमदार होते. जागा राखीव झाल्यावर ते विधान परिषदेत गेले. म्हणून नुसतं 'आमदार' लिहून भागत नाही, सभागृह लिहा. परिषदेची मुदत सहा वर्षांची, विधानसभेची पाच.

तीही पाच वर्षं कागदावरची. १९७८ ची विधानसभा १९८० मध्येच बरखास्त झाली, १९९५ ची १९९९ मध्ये मुदतीआधी संपली. 'चार टर्म म्हणजे वीस वर्षं' असा गुणाकार करू नका, तारखा मोजा.

जिल्हाही त्या काळचाच लिहावा. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधीचा नवापूरचा आमदार धुळे जिल्ह्यातला.

मालमत्तेसाठी उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ चं शपथपत्र पाहा. त्यात उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. एका वर्षी नुसता उमेदवाराचा आकडा आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या कुटुंबाची बेरीज घेतली की संपत्ती फुगलेली दिसते. बातम्यांमध्ये हे सर्रास होतं. जमीन हेक्टर-आरमध्ये असेल तर ४० आर म्हणजे साधारण एक एकर धरा. खरेदीची किंमत आणि आजची बाजारभावाची किंमत हे दोन वेगळे आकडे, त्यांची सरमिसळ नको. शपथपत्र उमेदवारानं स्वतः दिलेलं असतं, म्हणून 'इतकी संपत्ती आहे' असं न लिहिता 'इतकी जाहीर केली' असं लिहा.

'डिपॉझिट गेलं' हा शब्दही पारावर सैल वापरतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं असतील तर ते वाचतं. दीड लाख वैध मतं असली तर २५,००० च्या पुढे एक मत पुरे.