कुंडीतला टोमॅटो मान टाकतोय? आधी मूळ बघा

पाणी वेळच्या वेळी घालूनही रोप दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळीही सावरत नाही, तर लगेच औषधाच्या दुकानाकडे पळू नका. सगळ्यात मरगळलेलं एक रोप उपटून बघा. ते हातचं जाईल, पण बाकीच्या कुंड्यांचं काय करायचं ते कळेल.

रोप सहज हातात आलं आणि मुळं कुरतडलेली दिसली, तर हुमणी. माती पोत्यावर पालथी करा. तपकिरी डोक्याची, अंग मुडपून पडलेली पांढरट अळी सापडेल. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात तिची ओळख करून द्यायला नको. कुंडीत ती बहुधा कच्च्या शेणखतातून येते. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, माती उन्हात पसरा. नजरेतून सुटलेल्या अळ्या साळुंक्या टिपतात. मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, ओल्या मातीतच द्या.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे किडे. भुईमुगाच्या मुळावरची गाठ नखाने सुटते, ती चांगली. टोमॅटोची सुटत नाही, कारण मूळच सुजलेलं असतं. उभ्या रोपाला यावर फारसा इलाज नाही. रोप कचऱ्याच्या गाडीत द्या, कंपोस्टात नको. त्या मातीत वांगी, मिरची, भेंडीही लावू नका. एक हंगाम झेंडू लावा.

माती पुन्हा वापरायचीच असेल तर एप्रिल-मे सोडू नका. भिजवून वीतभर थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा विटांनी दाबा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हात लावू नका. नंतर बारा इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा, आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग रोप लावा. शेणखत पूर्ण कुजलेलं, चाळलेलंच.

दाणेदार विषारी औषध टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यातलं फोरेट २०२० अखेरीपासून देशात बंद आहे. आणि ज्या कुंडीतला टोमॅटो आपण तोडून तसाच कोशिंबिरीत चिरतो, तिथे असलं काही हवंच कशाला?

वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे, म्हणजे याच अळीचे वाढ झालेले किडे, कडुनिंब-बाभळीवर जमतात, दिव्याकडेही झेपावतात. ते दिवस गच्चीवरचा दिवा बंद ठेवा आणि कुंड्यांच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी बांधा.