कीडनाशक बुरशीतले इंट्रॉन तपासताना या चुका टाळा

ब्युव्हेरिया बॅसियाना या कीडनाशक बुरशीच्या २८एस जनुकात (रायबोसोमच्या आरएनएचे जनुक), शेवटाकडच्या भागात, ग्रुप-१ इंट्रॉन (जनुकातला, पण आरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) बसण्याच्या चार जागा ठरलेल्या आहेत. ई. कोलाय या जिवाणूच्या समकक्ष जनुकातल्या बेसच्या क्रमांकांनुसार त्या १९२१, २०६६, २४४९ आणि २५६३. एखाद्या स्ट्रेनमध्ये (बुरशीच्या वाणात) एकही नसतो, एखाद्यात दोन-तीन सापडतात, आणि लांबी बहुधा ३५० ते ४५० बेसजोड्या (डीएनएच्या लांबीचे एकक).

लांबी इतकी सारखी असल्यामुळेच पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) मिळालेल्या तुकड्याचा जेलवरचा नुसता बँड (पट्टा) पाहून स्ट्रेन ‘एकसारखे’ ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकात इंट्रॉन २४४९ ला, दुसऱ्यात २५६३ ला, तरी जेलवर बँड एकाच उंचीवर येतो. प्रत्येक जागेसाठी दोन्ही बाजूंच्या एक्सॉनमध्ये (जनुकाचा इंट्रॉनबाहेरचा, टिकणारा भाग) वेगळी प्रायमरजोडी (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे) घ्या. दोन्ही प्रायमर जागेपासून शंभरेक बेसवर असतील, तर रिकाम्या जागेचा तुकडा सुमारे २००चा आणि भरलेल्या जागेचा सुमारे ६००चा येतो. २४४९ आणि २५६३ मध्ये अंतर फक्त ११४ बेसचे आहे. मधला प्रायमर तेवढ्यातच बसवावा लागतो, नाहीतर दोन्ही इंट्रॉन एकाच तुकड्यात येतात आणि पुन्हा तोच घोळ.

एलआर०आर–एलआर५ या नेहमीच्या प्रायमरजोडीवरून ‘इंट्रॉन नाही’ असे लिहू नका. ती जोडी २८एसच्या सुरुवातीचे नऊशेएक बेसच वाचते, या चार जागांपर्यंत पोचतच नाही.

पूर्ण भाग एकदम वाढवताना एक्स्टेन्शनचा (पीसीआरमध्ये नवी साखळी वाढण्याच्या टप्प्याचा) वेळ बिनइंट्रॉनच्या लांबीवर बेतला, तर इंट्रॉनवाला बँड फिका पडतो किंवा उमटतच नाही. टॅक पॉलिमरेज या डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमला दर हजार बेसला एक मिनिट द्या, तेही सर्व इंट्रॉन आहेत असे धरून.

इंट्रॉनच्या सीमा ठरवताना सॉफ्टवेअर जीटी–एजी (जीटीने सुरू होऊन एजीने संपणारा तुकडा) शोधते. तो नियम एमआरएनएच्या (प्रथिनांचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) इंट्रॉनचा, इथे लागू नाही. इथे इंट्रॉनआधीच्या एक्सॉनचा शेवटचा बेस टी असतो आणि इंट्रॉनचा शेवटचा बेस जी. वंशवृक्ष काढण्याआधी इंट्रॉन कापून टाका: ते एका बुरशीतून दुसरीत आडवे (वंशपरंपरेबाहेरून) जाऊ शकतात, त्यामुळे त्यांचा इतिहास यजमान बुरशीचाच असेल असे नाही.

मेलेल्या किडीतून थेट डीएनए काढला, तर सर्वसाधारण प्रायमर किडीचे २८एसही उचलतात. कित्येक कीटकांच्या २८एसमध्ये आर१ आणि आर२ हे उड्या मारणारे घटक असतात, एकमेकांपासून ७४ बेसजोड्यांवर आणि बुरशीच्या १९२१ च्या अगदी आसपास. त्यांचे तुटके तुकडे लांबीने इंट्रॉनसारखे दिसू शकतात. म्हणून आधी एका बीजाणूपासून शुद्ध कल्चर वाढवा, त्यातून डीएनए काढा आणि शंका येईल तो बँड कापून सिक्वेन्स करा.