किशोरी गट सुरू करायचा तर आधी आयांच्या ओट्यावर बसा

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. किशोरी गट, म्हणजे वयात येणाऱ्या मुलींचा गट, पहिल्यांदा सुरू केला तेव्हा शाळेच्या यादीवरून २२ नावं उतरवली, मुलींना बोलावलं आणि पाळी, आहार, शिक्षण यांवर तासभर बोलले. दुसऱ्या आठवड्यात ९ आल्या, चौथ्यात ३. मी संध्याकाळी ५ ची वेळ ठेवली होती. त्या वेळी पाणी भरायचं असतं, शेळ्या घरी येतात, आई रानातून यायच्या आत पीठ मळून ठेवायचं असतं. शिवाय एकीच्याही आईला मी आधी भेटले नव्हते.

म्हणून आता पहिले दोन आठवडे मी नुसती घरोघर फिरते. ओट्यावर ‘सक्षमीकरण’ हा शब्द काढायचा नाही. मी म्हणते, “वहिनी, शनिवारी दुपारी ३ ते साडेचार पोरगी माझ्यापाशी राहील. बँकेची स्लिप भरायला, अर्ज लिहायला शिकवते. सुटल्यावर मी स्वतः घरी सोडते.” घरात आजी असेल तर हे आधी तिला सांगा. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपार सोयीची. शाळा कायमची सोडलेल्या मुली मात्र कुठल्याच यादीत सापडत नाहीत. ‘तुमच्याबरोबर चौथीला कोण कोण होतं?’ असं मुलींनाच विचारा, नावं निघतात. या मुली आल्याशिवाय गट पुरा झाला असं मी मानत नाही.

जागा देवळात नको, पाळी आलेली मुलगी त्या शनिवारी घरीच राहील. एखाद्या वस्तीचं समाजमंदिरही नको, दुसऱ्या वस्तीच्या आया तिकडे पाठवत नाहीत. अंगणवाडी किंवा शाळेचा व्हरांडा बरा. १५ ते २० मुली पुष्कळ झाल्या.

पहिले चार शनिवार फक्त कबड्डी. भाषण नाही, माहिती नाही. ज्या पोरीला जन्मभर ‘हळू बोल’ असं ऐकवलंय, तिला इथे दम धरून मोठ्यानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरावं लागतं. तिचा आवाज तिथेच मोकळा होतो, हे मी दरवर्षी बघते. बघायला पोरं गोळा होतात. त्यांना हाकलत बसू नका, चार आयांना कडेला बसवा.

पाचव्या शनिवारी गावाचा नकाशा काढायचा. अंगण झाडून मुलींना रांगोळी द्या आणि म्हणा, आपलं गाव काढा. शाळा, विहीर, एसटी थांबा, किराणा दुकान, रानाची वाट सगळं येऊ द्या. मग जिथे भीती वाटते तिथे कुंकवाची चिमूट आणि जिथे बरं वाटतं तिथे हळदीची. तुम्ही गप्प बसा. आमच्या नकाशावर थांब्यापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर कुंकू पसरलं होतं. दोन खांबांवर दिवे नव्हते आणि वळणावरच्या पारावर टोळकं बसायचं. प्रत्येकीला वाटत होतं की भीती आपल्या एकटीलाच वाटते. नकाशावर सगळ्यांचं कुंकू एकाच ठिकाणी पडलं, तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

त्या नकाशातून एकच काम निवडा, महिन्या-दोन महिन्यांत होण्यासारखं. आम्ही दिवे निवडले. अर्ज मुलींनीच लिहिला: प्रति, विषय, मजकूर, खाली सगळ्यांच्या सह्या. शुद्धलेखन मी सुधारलं नाही. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक ग्रामपंचायतीत द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घेऊन यायचा. पोच मिळेपर्यंत परत फिरायचं नाही, एवढंच मी शिकवते. आमच्या पोरींना पहिल्या दिवशी ‘साहेब नाहीत’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला. तो कागद सातवीतली एक मुलगी वहीत घालून सगळ्या वस्तीला दाखवत फिरली. दिवे यायला पुढे दीड महिना लागला.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. मुलीला आईबरोबर तिथे पाठवा. मुलगी अर्ज वाचते, ठरावाला हात आई वर करते. दोघींना ते एकदम जमतं.

आरोग्याचं थोडक्यात सांगते. आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि पुढच्या वेळी मुली टाळतात. पाळीवर बोलताना कापड, पॅड, सगळं हातात घेऊन दाखवा.

आता अवघड भाग. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलीला कधी देऊ नका. मी एकदा दिलं आणि मोडावं लागलं, ती मुलगी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा: तुझ्या जिवाला धोका असेल तर मी योग्य माणसाला सांगेन, पण आधी तुला सांगून आणि तुला बरोबर घेऊन.

आमच्याकडे ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्यामुळे पोरीचं लग्न लवकर उरकायची घाई असते. लग्नाची कुणकुण गटातल्या मैत्रिणींना सगळ्यात आधी लागते. पण मुलींना घेऊन त्या घरावर जाऊ नका, पुढे त्यांनाच गावात राहायचं असतं. शाळेतून जन्मतारखेचा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रत) मिळवा, ग्रामसेवकाला कळवा (गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो) आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. हळद लागायच्या आधी केलेला फोन लग्नाच्या दिवशीच्या फोनपेक्षा कितीतरी बरा. तेव्हा अजून वऱ्हाड आलेलं नसतं, आईबापाला मागे यायला जागा असते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. हे बापाला धमकी म्हणून ऐकवू नका. शेजारी बसून, पुढचं शिक्षण आणि एसटीचा मोफत पास यांच्याबरोबरच सांगा.

दसरा झाला की निम्मा गट आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातो. जायच्या आधी प्रत्येक घरी पुन्हा जा. आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मुलगी राहू शकते का, ते विचारा. नाहीच जमलं तर कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा (मजुरांची टोळी नेणाऱ्याचा) नंबर लिहून घ्या, शनिवारी ३ वाजता फोन लावा आणि स्पीकरवर सगळ्यांशी बोलणं करून द्या. हजेरीच्या वहीतून तिचं नाव काढू नका. मी त्या रकान्यात ‘तोडीवर’ लिहिते आणि परत येण्याचा महिना पेन्सिलीने टिपून ठेवते.