खर्च केला, पण दाखवायचा कसा? इंटिरिअर डिझायनरसाठी बिलांची शिस्त

जुलैत रिटर्नची घाई सुरू झाली की सीएच्या टेबलावर एक पिशवी येते. तिच्यात पांढरे पडलेले पेट्रोलपंपाचे कागद, हार्डवेअरवाल्याची कच्ची बिलं आणि जीपेचे स्क्रीनशॉट. खर्च खरा असतो, फक्त दाखवता येत नाही. पुढची माहिती एकट्याने व्यवसाय करणाऱ्या इंटिरिअर डिझायनरसाठी आहे. आर्किटेक्टलाही बहुतेक सगळी लागू पडेल. नियम 1961 च्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंतच्या वर्षांचे आहेत. त्यापुढे 2025 चा कायदा लागतो, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत.

आधी आकडेमोड

वर्षाची फी 50 लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत), तर कलम 44एडीए घेता येतं. फीची निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची; मग खर्चाची बिलं लागत नाहीत, पण घसाऱ्यासकट (लॅपटॉप-गाडीसारख्या वस्तूच्या किमतीतला दरवर्षी वजा होणारा भाग) कुठलाच खर्च वेगळा मिळतही नाही.

समजा फी 18 लाख आणि खरा खर्च 11 लाख. 44एडीएत नफा 9 लाख धरला जाईल, प्रत्यक्षात तो 7 लाख आहे. हा फरक मिळवायचा तर हिशोबाच्या वह्या ठेवायच्या आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असल्यामुळे ऑडिटही करून घ्यायचं. ऑडिटची फी धरून परवडतं का, हे मार्चअखेर ठरवता येतं, पण कागद एप्रिलपासून जमवले असतील तरच. आणि नव्या कररचनेत वजावटी नाहीत म्हणून बिलं टाकून देऊ नका. तिथे 80सी (विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीची वजावट) वगैरे जातं. व्यवसायाचा खर्च दोन्ही रचनांत वजा होतो.

बिल, पेमेंट आणि कारण

बँकेच्या स्टेटमेंटवरून एवढंच कळतं की पैसे गेले. कशाचे गेले हे बिल सांगतं, आणि ते व्यवसायासाठीच होते हे तुम्ही लिहून ठेवल्याशिवाय कोणीच सांगत नाही. बिलावर त्याच दिवशी पेनाने एक ओळ लिहा: ‘कोथरूड साईट, किचन शटरचे नमुने’. वर्षभराने आठवून लिहिलेली कारणं एकसारखी दिसतात आणि अधिकाऱ्याच्या ती लगेच लक्षात येतात.

बिलावर दुकानाचं नाव-पत्ता, क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन आणि तुमचं नाव हवं. दुकानदार जीएसटीत असेल तर त्याचा नंबरही. ‘एस्टिमेट’, ‘कोटेशन’, ‘डिलिव्हरी चलन’ असं छापलेला कागद बिलासारखा दिसला तरी ते बिल नाही. पक्कं बिल पैसे देतानाच मागा. तुम्ही स्वतः जीएसटीत असाल आणि त्या बिलावरचं क्रेडिट (भरलेला जीएसटी तुमच्या जीएसटीतून वळता करणं) घेतलं असेल, तर कराची रक्कम पुन्हा खर्चात धरायची नाही. नोंदणी नसेल तर करासकट पूर्ण रक्कम खर्च.

या धंद्यातला खास घोळ म्हणजे क्लायंटचा माल. प्लायवूड, लॅमिनेट, बिजागऱ्या तुमच्या नावावर घेऊन नंतर क्लायंटकडून पैसे घेतलेत, तर ते पैसे तुमची जमा म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो आणि 50 लाखांची मर्यादा उगाच जवळ येते. फक्त सल्ल्याची फी घेत असाल तर मालाचं बिल थेट क्लायंटच्या नावाने फाडायला सांगा आणि पैसेही त्यालाच भरू द्या.

रोखीची मर्यादा

एका माणसाला एका दिवसात रोखीने 10,000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर तो खर्च मिळत नाही. वरची रक्कमच नव्हे, सगळीच जाते. सुताराला सकाळी 6,000 आणि संध्याकाळी 5,000 दिले की 11,000 गेले. दोन वेगळ्या पावत्या करून काही होत नाही. मजुरी यूपीआयने किंवा बँकेतून द्या.

जिथे बिल मिळतच नाही

रिक्षा, हमाली, साईटवरचा चहा. यासाठी व्हाउचर बुक ठेवा: तारीख, रक्कम, कोणाला, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी आणि सही. हमालाची सही किंवा अंगठा घ्या, नाव आणि मोबाईल नंबर लिहा. रोख 5,000 च्या वर दिले असतील तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. ओला-उबरचं व्हाउचर करत बसू नका, त्यांचं बिल ईमेलवर येतं. आणि महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेली तीस व्हाउचरं कोणालाही पटत नाहीत.

घर, गाडी, मोबाईल

इथे पुरावा खर्चापेक्षा वाट्याचा लागतो. भाड्याचं घर 600 चौरस फूट आणि कामाची खोली 120 असेल तर भाड्याचा आणि वीजबिलाचा 20 टक्के भाग धरा. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या आणि खोलीची मापं असलेला साधा आराखडा फाइलला लावा; डिझायनरला तो काढायला किती वेळ लागणार?

गाडीसाठी 1 एप्रिल आणि 31 मार्चला ओडोमीटरचा फोटो काढा आणि साईटच्या फेऱ्या डायरीत मांडा. वर्षात 12,000 किलोमीटर झाले, त्यातले 7,800 कामाचे, तर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि घसारा सगळ्याचे 65 टक्के. डायरी नसेल तर टक्केवारी अंदाजे ठरते, आणि अंदाज तुमच्या बाजूने कोणी करत नाही. वाहतुकीचा दंड यात घालू नका, तो मिळत नाही.

लॅपटॉप म्हणजे खर्च नव्हे

80,000 चा लॅपटॉप त्या वर्षी पूर्ण वजा होत नाही. 40 टक्के घसारा, म्हणजे 32,000. त्या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, म्हणजे ढोबळमानाने 3 ऑक्टोबरनंतर वापरायला घेतला, तर निम्मा: 16,000. ऑफिसच्या फर्निचरला 10 टक्के. ऑनलाइन घेताना खातं बायकोचं किंवा भावाचं असेल तर बिल त्यांच्या नावाने निघतं आणि घसारा अडकतो. ऑर्डर देण्यापूर्वी बिलावरचं नाव तपासा.

आठवड्याचं काम

पेट्रोलपंपाची, टोलची पावती थर्मल कागदावर असते. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या खिशात ती काही महिन्यांत कोरी होते, लॅमिनेट केली तर उष्णतेने काळी पडते. त्याच संध्याकाळी मोबाईलने स्कॅन करा आणि फाइलचं नाव ‘2025-06-14 लॅमिनेट 4300 कोथरूड’ असं द्या. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतं. सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनचं बिल त्यांच्या बिलिंग पानावरून दर महिन्याला उतरवून घ्या. डॉलरच्या बिलाला कार्डाचं स्टेटमेंट जोडा, कारण रुपयातली रक्कम तिथेच दिसते.

धंद्यासाठी वेगळं बँक खातं असेल तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अर्ध्या तासात काम उरकतं. स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीसमोर बिल लावायचं. जिथे नाही तिथे दुकानाला लगेच फोन करायचा. डुप्लिकेट बिल महिन्याभरात सहज मिळतं, वर्षानंतर दुकानदार वही शोधत नाही.

रिटर्नसोबत यातलं काहीच जोडायचं नसतं, म्हणूनच ढिलाई होते. जुलै 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नवर छाननीची नोटीस 30 जून 2026 पर्यंत येऊ शकते, आणि तेव्हा बिलं पोर्टलवर अपलोड करायची असतात. कागद आकारणी वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं ठेवायचे: 2024-25 ची फाइल 31 मार्च 2032 पर्यंत. लॅपटॉप, गाडी, फर्निचर यांची बिलं या फाइलमध्ये ठेवू नका. घसारा घेत असाल तोवर ती लागतात, त्यांचं पाकीट वेगळं करा.