पुण्याहून लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

लंडनला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना प्रवासाचे तास नेमके सांगायचे असतील, तर केवळ तिकिटावरचा आकडा पुरत नाही.

सुरुवात अंतरापासून करावी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर चुकते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. त्याऐवजी पृथ्वीगोलावर पुणे आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो अरबस्तानावरून न जाता बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जाईल आणि प्रमाणानुसार त्याची लांबी सुमारे ७,३०० किलोमीटर भरेल. गूगल मॅप्सवरची अंतर मोजण्याची सोयही हेच उत्तर देते. मात्र हे किमान अंतर समजावे. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी विमानाला वळसा घ्यावाच लागतो.

प्रवासी जेट विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे भागाकार साडेआठ तासांच्या जवळ येतो. त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास आणि वळशाचा वेळ मिळवावा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना ते समोरून येतात आणि मुंबई ते लंडन हे उड्डाण दहा तासांच्या आसपास जाते. परतीला साधारण तासभर वाचतो.

वेळापत्रकातल्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, हे विसरू नये. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. समजा, जानेवारीत मुंबईहून दुपारी १ला निघालेले विमान तिथे संध्याकाळी साडेपाचला उतरते. वरवर पाहता साडेचार तास, प्रत्यक्षात दहा.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून लंडनला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे जायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, घ्यावेत, हे मी आग्रहाने सांगेन. तिकिटे वेगवेगळी असली आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर पुढचे चुकल्याची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. मुंबईमार्गे जाताना रस्त्याचे चार तास धरावेत आणि बोरघाटातल्या कोंडीसाठी, विशेषतः पावसाळ्यात व सुट्ट्यांच्या आधी, आणखी एक तास हाताशी ठेवावा.

आता वरचेच उदाहरण घ्यावे. दुपारी १च्या विमानासाठी विमानतळावर १०ला पोचायचे, म्हणून पुण्यातून पहाटे ५ला निघावे लागेल. लंडनला इमिग्रेशन आणि सामान यांत दीड तास गेला, तर बाहेर पडेपर्यंत तिथे संध्याकाळचे ७ आणि पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील, म्हणजे एकूण साडेएकोणीस तास.